नऊ गेले

चि. टिकलीस (आता गळ्यात ओळखपत्र लटकतं, म्हणून चि. टिकलीबाईंस),

मामाचे आशीर्वाद. तुझी तब्येत बरी असेलच. नसली तरी नव्या नोकरीत पहिले सहा महिने ते कळत नाही. माझा गुडघा दुखतो, पित्त आहे, झोप नाही. थोडक्यात, इकडे सगळं नेहमीसारखं आहे.

घटनास्थळी गेल्यावर काय करायचं, असं तू मामाला विचारलंस हे वाचून ऊर भरून आला आणि लगेच रिकामाही झाला. (अठ्ठावीस वर्षं वार्ताहरकी करून मी सध्या हवामान लिहितो. तिथे चुकलं तर कुणी मनावर घेत नाही.) तर ऐक. पोटभर खाऊन जावं, फोन पूर्ण चार्ज करून न्यावा, दोन पेनं न्यावीत, पायात जुने बूट असावेत. गेल्या वर्षी गाद्यांच्या कारखान्याची भिंत कोसळली, तेव्हा मी यातलं एकही केलं नव्हतं. सकाळी अकराला नवे बूट घालून, उपाशीपोटी, फोनात चार टक्के घेऊन तिथे पोचलो. गल्लीभर कापूस उडत होता. केसांत कापूस, नाकात कापूस. पेनाने तीन शब्दांत मान टाकली. शेवटी शेजारच्या शिंप्याकडून खुणा करायचा निळा खडू मागून घेतला आणि आयुष्यातली सर्वांत मोठी बातमी स्वतःच्या पांढऱ्या बाहीवर टिपायला लागलो.

आणि गळ्यात शिट्टी असलेला प्रत्येक माणूस अधिकारी नसतो, हेही लक्षात ठेव. नारिंगी जाकीट घातलेला एक धिप्पाड गृहस्थ लोकांना मागे सारत होता. मी विचारलं, "आत किती?" तो म्हणाला, "नऊ गेले," आणि गर्दीत घुसला. मी तसंच आमच्या वृत्तसंपादकाला कळवलं. (त्याला आम्ही 'तातडी' म्हणतो, तो जेवतोही उभ्याने.) त्याने विचारलं, "खात्री आहे?" मी म्हटलं, "शंभर टक्के." फोनात तेव्हा दोन उरले होते. मिनिटभरात बातमी झळकली: भिंत कोसळून नऊ ठार.

तो गृहस्थ समोरच्या दवाखान्यात गाड्या लावून घ्यायचं काम करतो, हे मागाहून कळलं. सकाळी त्याने नऊ कामगारांना कारखान्यात शिरताना पाहिलं होतं. नऊ गेले, म्हणजे आत गेले. त्याचं काही चुकलं नव्हतं गं.

माझ्या शेजारी एक बाई उभ्या होत्या. पायात घरातल्या चपला, हातात फोन. नवरा आत शिलाईच्या यंत्रावर. माझी बाही बघून मी पेपरवाला हे त्यांनी ओळखलं. फोन पुढे करून म्हणाल्या, "दादा, यात नऊ लिहिलंय. पाळीला असतातच नऊ जण." ते मीच कळवलंय, हे माझ्या तोंडून निघालं नाही. अजून खात्री व्हायचीय, असं पुटपुटलो. (हे तातडीला सांगायला हवं होतं.) त्या तिथेच फुटपाथवर बसल्या.

अर्ध्या तासाने मागच्या बाजूने आठ जण चालत आले. डोक्यापासून पायापर्यंत कापसाने पांढरे, कोण कुठला ते ओळखू येईना. बाई धावल्या. पदराने एकेकाचा चेहरा पुसून बघत होत्या. आठही पुसून झाले, आणि त्या हसत माझ्याकडे आल्या. मला वाटलं, सापडला. त्यांनी माझा हात धरला. "दादा, बातमी खोटी होती ना? मग हेही निघाले असतील कुठून तरी. खोटीच होती ना?"

टिकले, बातमी खोटी होती हे तर खरंच होतं. मी म्हणालो, "हो ताई, साफ खोटी."

चार वाजता त्यांच्या नवऱ्याला बाहेर काढलं. त्या चार तासांत बाई दोनदा मला पाणी विचारून गेल्या.

दुसऱ्या दिवशी पाचव्या पानावर दोन ओळींची दुरुस्ती आली: नऊ नव्हे, एक. ती मीच लिहिली. तेवढी लिहायला मला सबंध दुपार लागली. तेव्हा टिकले, तिथे कुणी काही विचारलं आणि आपल्याला ठाऊक नसेल, तर "मला माहीत नाही" असं म्हणावं. तीन शब्द आहेत. मला तेव्हा एकही सुचला नाही.

कागद संपत आला. जेवत जा वेळेवर.

तुझा,
मामा

ता. क. असं काही लिही की पोरगी उद्याच्या उद्या राजीनामा देईल, असा तुझ्या आईचा मला फोन होता. राजीनामा देऊ नकोस. पण आईला सांग, मामाने चांगलंच घाबरवलं. नाहीतर ती मला पुन्हा फोन करील.

आणखी एक ता. क. येत्या गुरुवारी भिंत पडल्याला वर्ष होतं. तुमचा पेपर त्या बाईंकडे तुलाच पाठवणार, असं कानावर आलंय. मी त्यांच्या इमारतीत तीनदा गेलो, आणि तिन्ही वेळा खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्याला दात दाखवून परत आलो. (दात उत्तम आहेत.) मला बरोबर नेशील का? आधी त्यांना फोन करून विचार. मामा म्हणू नकोस, ज्याने नऊ लिहिलं तो माणूस, असंच सांग. नको म्हणाल्या तर नको. या म्हणाल्या, तर पुढचं मी बोलेन. बेल मात्र तू वाजव.