दोन काचांमधली फट

३ डिसेंबर १९५६

सकाळच्या गाडीने दापोडीला उतरलो. हत्यारांची पेटी जड, पण पाऊल हलकं होतं. बंगला रुळांपासून दोनशे पावलांवर. दिवाणखान्यात तीन उंच खिडक्या. लाल, निळ्या, मधाच्या रंगाच्या काचा शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या. गाडी गेली की थरथरतात. त्यांना बाहेरून साध्या काचेचं आवरण घालायचं, आधीचं फुटलंय. मालक यशवंतराव मुंबईला असतात. त्यांना दमा आहे. ते राहायला येण्याआधी खोलीत झुळूकही शिरता कामा नये, असं लिहिलंय. काम पसंत पडलं तर कायमची नोकरी आणि मागची खोली. मग इंद्रायणीला मिरजेहून आणता येईल. लग्नाला दोन वर्षं झाली. एकत्र राहिलो ते सगळे मिळून चाळीस दिवस.

९ डिसेंबर

तिन्ही काचा बसल्या. रंगीत आणि साध्या काचेत दोन बोटं अंतर, कडेने लुकण. खडूची भुकटी जवसाच्या तेलात मळायची आणि अंगठ्याने दाबत जायचं. खाली दोन-दोन भोकं ठेवली. हवा खेळली नाही तर आत दव साचतं, शिसं सडतं. मधल्या खिडकीची भोकं वाऱ्याने शिट्टी घालतात. दिवसभर बोलायला कोणी नाही, म्हणून मीही उलट शिट्टी घातली. राखणदारीण मंजुळाबाईंनी ऐकलं. म्हणाल्या, "बायकू आल्यावर ह्या खिडकीला काय सांगशीला, मिस्तरी?"

१४ डिसेंबर

वारा पडलाय. अंगणातल्या चिंचेचं पान हलत नाही. शिट्टी मात्र येते. मी घातली की लगेच.

१७ डिसेंबर

मालकांचं पत्र आलं. रविवारी येताहेत. मधल्या खिडकीच्या जुन्या सांध्यांतून गार हवा आत येते, म्हणून तिची भोकं लुकणाने बुजवली. चूक आहे हे ठाऊक असून बुजवली. मंजुळाबाई म्हणाल्या, "तेवढी नका बुजवू. आदीच्या मिस्तऱ्यानं बी बुजवली व्हती." त्याचं काय झालं विचारलं. "त्याची पेटी हितंच हाय," म्हणाल्या आणि पाण्याला गेल्या. इंद्रायणीला रविवारच्या गाडीने ये म्हणून कळवलं.

१९ डिसेंबर

सकाळी मधल्या खिडकीत, दोन काचांच्या मध्ये, धुकं. बशीएवढं, तोंडाच्या उंचीवर. विरतं, पुन्हा उमटतं. दव असेल.

दव असं थांबून थांबून येत नाही.

२० डिसेंबर

आज वाटीएवढं. मंजुळाबाई माण गावी भावाकडे गेल्या, सोमवारी येतील. दिवसभर शिट्टी घातली. उत्तर नाही.

२१ डिसेंबर

बोराएवढं. फार घाईने येतं-जातं. भोकं उघडायला हवीत — पण मालक — आणि मग तिला परत मिरजेला —

२२ डिसेंबर, सकाळ

धुकं नाही. बाहेर जाऊन गिरमिटाने भोकं पाडली. बाहेरची हवा आत ओढली गेली. बराच वेळ. लुकणावर आतल्या बाजूने अंगठ्याचे ठसे. माझ्या अंगठ्याहून बारीक.

दुपार

काचा पुसायला आत आलो, आता दिवाणखान्याचं दार उघडत नाही. चौकटीच्या फटीत ओलं लुकण. जवसाच्या तेलाचा वास. मी सकाळपासून लुकण मळलेलं नाही. मधल्या खिडकीची भोकं पुन्हा बुजलेली. हत्यारं व्हरांड्यात. खुर्ची मारली — काच नुसती थरथरते.

दिवेलागण

रंगीत काचेवर धुकं. खोलीच्या बाजूने. माझं. मघाशी ताटाएवढं होतं, आता बशी —

किल्लीच्या भोकाला तोंड लावून शिट्टी घातली. रुळांवरून जाणारं कोणी ऐकेल. उद्या इंद्रायणी दारात —

बाहेरून उत्तर आलं. अगदी जवळून.

भोकात काहीतरी मऊ, गार, तेलाच्या वासाचं —