शेवटची सोळा पानं

३ फेब्रुवारी १९७६, मंगळ. जेऊर
रहस्यमालिकेचं शेवटचं पुस्तक आज टपालानं आलं. नेहमीसारखी अखेरची सोळा पानं दोऱ्यानं शिवलेली. ही अक्कल मल्लिनाथअप्पांची. सोलापूरच्या भवानी पेठेत कापडाचं दुकान, सुई-दोरा हाताशीच. पुस्तक ते घेणार, मग हातमागावरचा विणकर नरसय्या, मग माळशिरसच्या शाळेतल्या मुमताजबाई, शेवटी मी. खुनी कोण ते आधी कोऱ्या पानावर लिहून सही करायची, मगच दोरा कापायचा. वाचून पुन्हा शिवायचं, पुढे धाडायचं; माझ्याकडून परत अप्पांकडे. नऊ वर्षं चाललंय.

या खेपेला मात्र कुणीच दोरा कापलेला नाही. १५ तारखेला अप्पांच्या माडीवर सगळ्यांनी जमायचं. चार वर्षांपूर्वी एकदाच भेटलो होतो. अप्पांची चिठ्ठी: "पुस्तक तुमच्यापाशीच राहू द्या. तुम्ही कधी चुकला नाही. नाव तुम्हीच सांगायचं, वाचायचंही तुम्हीच."

५ फेब्रु.
इथं तरी खरं लिहावं. मी दरवेळी आधी दोरा कापतो, शेवट वाचतो, मग नाव लिहितो. शेवटचा मीच, कळणार कुणाला? पहिल्यांदा गंमत म्हणून केलं. मग अप्पांचं कौतुकाचं पत्र आलं आणि सोडवेना. दवाखाना बंद झाला की माझ्यासारख्या कंपाउंडरशी बोलायला या गावात कुणी नाही. ही तीन माणसं तुटली तर...

८ फेब्रु., रवि.
कापला. खुनी दिवाणजी. मला वाटत होतं माळी.
टाके घालून घालून हात बसलाय. अप्पांच्याच भोकांतून पुन्हा शिवलं. काही दिसत नाही. स्वतःचीच शिसारी आली.

१५ फेब्रु., रवि. सोलापूर
गाडीत ठरवलं होतं, सांगून टाकायचं. माडीवर पाय ठेवतो तोच अप्पांनी मिठी मारली. नरसय्यानं स्वतः विणलेली चादर खांद्यावर घातली.
अप्पा: "बोला की आता! कोण हाय?"
म्हणालो, माळी.
मग दोरा कापून मोठ्यानं वाचलं. दिवाणजी निघाला. नरसय्या टाळ्या पिटत, "कंपाउंडरसाहेब, तुमी बी चुकलात की वो!" सगळे पोट धरून हसले, मीही. कडक भाकरी, शेंगाचटणी. आग्रह करकरून वाढत होते. मुमताजबाई तेवढ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

१९ फेब्रु., गुरु. जेऊर
मुमताजबाईंचं पत्र. "दिवसभर पोरांचं वाचन ऐकते मी. नवं पान इतकं न अडखळता कुणी वाचत नाही. दिवाणजीचं नाव यायच्या आधीच तुमचा आवाज उतरला होता. मग माळी का म्हणालात, तेच समजेना. मी कुणाला बोलले नाही."
रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. चारदा वाचलं. डॉक्टर म्हणाले, मिक्श्चर चुकीच्या बाटलीत ओतताय.

२१ फेब्रु., शनि.
पोस्टातून तीन आंतर्देशीय पत्रं आणली. तिन्हींवर पत्ते घातले. मुमताजबाईंचं लिहून झालं, पहिल्या पुस्तकापासूनचं सगळं. चिकटवलंसुद्धा.
आता अप्पांचं घेतलंय. "ती. अप्पांस, सा. न." एवढं झालं. तासभर तिथंच आहे.