आईवडिलांसाठी सवलत कार्ड

३ नोव्हेंबर, सोमवार

ऑफिसात दिवाळीचा उरलेला चिवडा अजून तसाच. खवट वास सुटलाय, तरी डबा कोणी फेकत नाही, कारण फेकायचं काम कोणाचं ते ठरलेलं नाही. शेवटी मीच फेकला. मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत तिसऱ्या मजल्यावर सायबर सिक्युरिटी शिकायला आले आणि शिकले काय, तर चिवडा.

अमेय सर (यापुढे अ.स., पूर्ण नाव लिहून शाई कशाला फुकट घालवू) म्हणाले, "प्रज्ञा, आता तुला खरं काम देतो." म्हणजे इतके महिने खोटं चाललं होतं. असो. काम असं: घाटकोपरचं एक हॉस्पिटल नवीन क्लायंट आहे. त्यांच्या स्टाफला आपण मुद्दाम खोटा मेल पाठवायचा. कोण लिंक दाबतं, कोण माहिती भरतं ते बघायचं. मग सगळ्यांना बसवून शिकवायचं की खरे चोर असेच मेल पाठवतात, सांभाळा. आग लागलेली नसताना जिना उतरायची प्रॅक्टिस करतात, तसं.

मेल मी लिहायचा! खरंच भारी वाटलं. बाबांना फोन केला तर संध्याकाळपर्यंत मुलुंडच्या अख्ख्या सोसायटीला कळलं. वॉचमनकाका गेटवरच, "काय मॅडम, हॅकर पकडला का?"

५ नोव्हें., बुध.

हॉस्पिटलला गेले. कोणाला कसला मेल येतो, काय भाषेत येतो, ते बघायला. नाव काय सांगायचं? "कॉम्प्युटरवाली." पुरे झालं.

केसपेपरच्या काउंटरवर हेमाताई म्हणून आहेत. वेसाव्याच्या कोळी. चाळिशीच्या असतील. कंत्राटी, पण पूर्ण हॉस्पिटल त्यांनाच विचारतं. मला दहा मिनिटं न्याहाळलं आणि म्हणाल्या, "काय गो, जेवलीस का? तोंड बघ कसं सुकलंय." स्वतःच्या डब्यातलं सुकटीचं कालवण अर्धं माझ्या ताटलीत. बोलता बोलता सगळं सांगितलं. कायम स्टाफच्या आईवडिलांना उपचारात सवलत आहे, कंत्राटींना नाही. किती वर्षं मागतायत. ताईंच्या आईचे गुडघे गेलेत. आया, वॉर्डबॉय, सगळ्यांच्या घरी कोणी ना कोणी अंथरुणाला. "रोज दुसऱ्यांच्या आयशींना व्हीलचेअरवर बसवतो गो आम्ही, आपलीला नाय बसवता येत."

मी मान हलवत होते. कालवण झकास होतं.

८ नोव्हें., शनि.

माझा पहिला मेल ("पासवर्डची मुदत संपत आहे") अ.स.ने वाचलासुद्धा नाही. "हे कोण दाबणार? त्यांना काय हवंय ते दे ना यार."

त्यांना काय हवंय ते मला माहीत होतं. दिलं.

'कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या आईवडिलांसाठी सवलत कार्ड. नावनोंदणी सुरू.' HR लिहितात तसं "कृपया नोंद घ्यावी" दोनदा टाकलं. खाली फॉर्म: आईचं नाव, वडिलांचं नाव, आजार. आजाराचा रकाना अ.स.चा. म्हणे लोक किती खाजगी माहिती देतात ते कळेल. लिहिताना हात वगैरे काही थरथरला नाही. मजा येत होती. हे इथे लिहून ठेवते, नाहीतर नंतर मी स्वतःलाच थापा मारेन.

"किलर आहे," अ.स. म्हणाले. मग म्हणाले, "डॉक्टरांना वगळ हां लिस्टमधून. ते चिडतात."

११ नोव्हें., मंगळ.

मेल गेला. सगळे एका स्क्रीनभोवती, क्रिकेटची मॅच असल्यासारखे. एक नाव सारखं वर. हेमलता, हेमलता, हेमलता. तन्मय (माझ्यासोबतचा दुसरा अप्रेंटिस) म्हणाला, "ही बाई पागल आहे काय? किती वेळा भरतेय?" सगळे हसले. मी पण हसले.

मग मी आत जाऊन भरलेले फॉर्म उघडले. प्रत्येकात नावं वेगळी. आयांच्या आया. वॉर्डबॉयचे बाप. ज्यांना मेलच येत नाही, मोबाईलवर मराठी टाइप करता येत नाही, त्या सगळ्यांना हेमाताईंनी काउंटरवर बोलवून स्वतःच्या लिंकवरून त्यांचे फॉर्म भरून दिले होते. कोणाचं राहू नये म्हणून. आणि आजाराच्या रकान्यात: गुडघे. दमा. मोतीबिंदू. 'डायलिसिस चालू, कृपया लवकर.'

कृपया लवकर.

शी. शी शी शी. बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. बाहेर आले तर अ.स.ने केक मागवलेला. इतके लोक आजवर कुठल्याच क्लायंटकडे फसले नव्हते म्हणे. केक खाल्ला नाही एवढंच. त्याने काय होतं?

१२ नोव्हें.

अ.स.ना समजावून सांगितलं. प्रत्येकाची लिंक वेगळी असते, ताईंनी आपल्या लिंकवरून वीसेक जणांचं भरलं, म्हणून सगळं त्यांच्या एकटीच्या नावावर मोजलं गेलं. त्या एकदाच फसल्यात, बाकी सगळी मदत. आकडा चुकलाय, दुरुस्त करू.

"मदत? मग तर जास्तच डेंजरस. ती पसरवते." डोळे चमकले हो माणसाचे. "रिपोर्टला एक चेहरा लागतो, प्रज्ञा."

मी म्हटलं, सर, पहिल्याच आठवड्यात तुम्हीच शिकवलंत, अशा टेस्टमध्ये कोणाचं नाव द्यायचं नाही, नाव दिलं की लोक पुढच्या वेळी खरी चूक लपवतात. वहीत लिहून घेतलंय मी.

"ते थिअरी झालं. क्लायंटने नावं मागितलीत."

१४ नोव्हें., शुक्र.

रिपोर्ट दिला. नावं नाहीत. 'कर्मचारी अ' असं लिहिलं, आणि अ ने दुसऱ्यांचे फॉर्म भरून दिले हे पण स्पष्ट लिहिलं. अ.स.ने चाळला, "झकास" म्हणाले. मला वाटलं जिंकले.

१७ नोव्हें., सोम.

लिहवत नाहीये.

हॉस्पिटलच्या हॉलमध्ये सगळ्या स्टाफला बसवलेलं. लॅपटॉपवर मी. स्लाइड इंग्रजीत, अ.स.ने बदललेल्या. चौथ्या स्लाइडवर हेमाताईंचा आयकार्डवरचा फोटो, भिंतीएवढा, भोवती लाल चौकट. ताई मागच्या रांगेत. आपला फोटो दिसल्यावर त्यांनी ओढणी सारखी केली, केस कानामागे घेतले. उभ्या राहिल्या, हसल्या थोड्या. त्यांना वाटलं सत्कार आहे.

आणि शेजारच्या आयाबाई टाळ्या वाजवायला लागल्या.

मॅनेजरने मराठीत सांगितलं तेव्हा कळलं त्यांना, तेही एवढंच की लिंकवर सगळ्यांची माहिती भरून दिली ही चूक; कार्ड खोटं होतं हे इंग्रजी स्लाइडवरच राहिलं. "या बाईंमुळे उद्या आपलं हॉस्पिटल बंद पडू शकतं." पुढच्या रांगेतले हसले. चौकशी होईपर्यंत काउंटरवर बसायचं नाही, मग कंत्राटदार काय ते बघेल. ताई उभ्याच होत्या. अ.स. मला म्हणाले, "नेक्स्ट."

आणि मी बटण दाबलं. दाबलं मी. किळस येते स्वतःची.

१९ नोव्हें., बुध.

आई: "काहून गं तोंड पाडून बसली दोन दिवसांपासून?" सांगितलं सगळं. बाबांनी टीव्ही बंद केला. बाबांची मुलुंडची कंपनी बंद पडली तेव्हा आधी कोणाला काढलं ते त्यांना पाठ आहे, वाटलं ते तरी भडकतील. म्हणाले, "दीड महिना राहिलाय तुझा. सर्टिफिकेट हातात पडू दे, मग बोल काय बोलायचं ते."

आई त्यांच्याकडे बघतच राहिली. "तुमच्या वेळेस कोणी बोललं असतं तं?"

"कोणी नाही बोललं," बाबा म्हणाले. "म्हणून तर सांगतोय, कोणी बोलत नसतं."

मग दोघांचं जे सुरू झालं. मी आत निघून गेले. बाबा चुकलेत असंही म्हणवत नाही. पहिली नोकरी आहे आमच्या घरातली, जिथे खुर्ची आहे आणि एसी आहे. आई स्वतः आयुष्यभर उभी राहून कामं करत आली.

२१ नोव्हें., शुक्र.

थू! त्या माणसाला लाज म्हणून नाही.

गुरुवारी सत्तावीसला मुलुंडच्या एका कॉलेजात कार्यक्रम आहे. विद्यार्थी आणि कंपन्यांचे मालक एकत्र. अप्रेंटिसशिपचे फायदे. आमच्या कंपनीतर्फे बोलणार कोण, तर मी. विषय काय, तर 'एका अप्रेंटिसने लिहिलेला मेल.' त्याच स्लाइड.

"ताईंच्या फोटोसकट?"

"ब्लर करू गं."

आणि पुढे, आवाज एकदम मध: "तिथेच स्टेजवर तुझं कायमचं ऑफर लेटर देऊ. चांगलं दिसतं." म्हणजे पोरांना दाखवायला मी, मालकांना दाखवायला मी, आणि मधल्या मध्ये ताई गेल्या उडत. तन्मय म्हणाला, "घे ना यार, तू नाही घेतलंस तर मला देतील." खरं बोलतो बिचारा.

मी काय म्हणाले? "विचार करून सांगते सर." एवढीच माझी मर्दुमकी.

२४ नोव्हें., सोम.

सुट्टी टाकली. वेसाव्याला गेले. पत्ता हॉस्पिटलच्या लिफ्टमनने दिला, वर विचारलं, "कार्डाचं काही कळलं का?" मी पायऱ्यांनी उतरले.

ताईंचं घर गल्लीत आत. बाहेर बोंबील वाळत घातलेले. आई ओट्यावर, पाय लांब करून, मांडीत कोळंबीची टोपली. ताईंनी मला पाहिलं आणि उठल्याच, "अगो ये ये, तूच काय ती माझ्यामागे धावलीस बघ." त्यांना वाटलं मी धीर द्यायला आले.

मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. मेल खोटा होता. कार्ड नाहीच आहे, कधीच नव्हतं. लिहिला मी. तुम्ही डबा खाऊ घालताना जे बोललात ते ऐकून लिहिला.

त्यांच्या आईला नीट ऐकू गेलं नसावं, ती म्हणाली, "पोरीला जेवायला वाढ गो."

"नको वाढू तिला." मग माझ्याकडे वळल्या. "माझ्या आयशीचे गुडघे दाखवून तू पास झालीस. लाज नाय वाटली?"

वाटते, म्हटलं.

"वाटून काय उपयोग? गुरुवारी अकरा वाजता चौकशी हाय माझी. येशील? हेच, असंच, त्यांच्यासमोर बोलशील?"

गुरुवार. अकरा. कॉलेजही अकरालाच. "बघते," म्हणाले.

"बघते म्हंजे नाय," ताई म्हणाल्या आणि आत गेल्या. त्यांच्या आईने मला दोन कोळंब्या दाखवून विचारलं, एवढ्या मोठ्या खाल्ल्यात का कधी. मला रडू आलं.

२५ नोव्हें.

हॉस्पिटलच्या मॅनेजरला मेल केला. माझा मूळ रिपोर्ट जोडला, नावं नसलेला. उत्तर नाही. बहुतेक त्यांना वाटलं असेल, हा पण खोटाच.

अ.स.ना कळलं संध्याकाळी. ओरडले नाहीत, ते ओरडत नाहीत कधी. "गुरुवारी कॉलेजात दिसलीस तर हे झालंच नाही असं समजू. नाही दिसलीस तर मरोळला पण येऊ नकोस. क्लायंटचा डेटा बाहेर पाठवला म्हणून लिहीन मी तुझ्या सर्टिफिकेटवर." क्लायंटचा डेटा, क्लायंटलाच पाठवला. असला नीच माणूस बघितला नाही.

बाबांना सांगितलेलं नाही. बाबांनी गुरुवारसाठी शर्ट इस्त्री करून ठेवलाय. ते पहिल्या रांगेत बसणार आहेत.

२७ नोव्हें., गुरु.

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय. पावणेअकरा.

सकाळी बाबांना सांगितलं. शर्ट घातलेला होता त्यांनी. ते बटणं काढत राहिले. आई म्हणाली, "जा तू." अ.स.चे फोन येतायत. फोन पालथा घातला, तरी बाक थरथरतोय.

ताई आल्या, माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. शेजारी बसल्या नाहीत, समोरच्या बाकावर बसल्या. बरोबर आहे.

पण आम्ही दोघीच नाही इथे. ड्युटी संपलेल्या आया आल्यात, वॉर्डबॉय आलेत, लिफ्टमन जिन्यात उभा. मला वाटलं ताईंच्या बाजूने बोलायला जमलेत. तर नाही. ताईंना बोलावलंय म्हणजे कार्डाचंच काम असणार, असं कोणीतरी पसरवलंय. एक आयाबाई म्हाताऱ्याला रिक्षाने घेऊनच आली आहे. तिचा बाप. हाताला डायलिसिसची पट्टी. प्लास्टिकच्या पिशवीत सगळे रिपोर्ट, रेशनकार्ड, दोन फोटो.

ती ताईंना विचारते, "आजच मिळेल ना गं? की परत यावं लागेल? यांना सारखं नाही आणता येत."

ताईंनी माझ्याकडे बोट केलं. "तिला विचार. तिनं लिवलाय."

आता ती माझ्यासमोर उभी आहे. पिशवी उघडतेय. म्हणतेय, "ताई, आधी आधारकार्ड दाखवू का?"