सरळ रस्त्यावरचं वळण

सोमवार, ३ नोव्हेंबर
पुन्हा डॅशबोर्डवर तो पिवळा दिवा — घसरणाऱ्या गाडीचं चित्र. रस्ता कोरडा, सरळ. दोन्ही बाजूंना धुकं. बाबा चालवत होते, मी शेजारी पेंगत. गाडीने आपणहून ब्रेक लावला आणि डावीकडे झुकली, झोपेत कुणी कूस बदलावी तशी. बाबांनी सावरली. "तिला डुलकी लागली," म्हणाले.

घरी आल्यावर दादाला स्पीकरफोनवर सांगितलं, तेच चुकलं. "डुलकी गाडीला नाही, बाबांना लागते. रविवारी येऊन चावी नेतो."

बाबा शांतपणे म्हणाले, "आधी गाडी तपास. मग माझं वय काढ."

मंगळवार, ४ नोव्हेंबर
गॅरेजवाल्याने — दादाचा शाळेतला दोस्त, सगळे त्याला पाना म्हणतात — चाकांजवळचे सेन्सर पुसले, तारा हलवून पाहिल्या. दिवा विझला. घराच्या कोपऱ्यावर परत लागला.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
पानाने गाडीला कॉम्प्युटर जोडला आणि मला नदीकाठच्या लांब रस्त्याने चालवायला लावली. पाण्यावर ऊन नुसतं पडून होतं. माझे हात सरळ. पडद्यावर मात्र — स्टिअरिंग बारा अंश डावीकडे.

"तिला वाटतंय तू वळतेयस. गाडी तर सरळच चाललीय, म्हणजे घसरली! म्हणून ब्रेक लावते बिचारी."

नसलेलं वळण घेत राहायचं... दिवसभर तेच मनात तरंगत होतं. ऑफिसात दोनदा भलत्याच मजल्यावर उतरले.

संध्याकाळी पानाने गाडी वर उचलली. पुढच्या चाकाचा दांडा वाकलेला. "कठड्याला धडकलीय. स्टिअरिंग तिरकं झालं असणार. कुणीतरी ते उपसून, एक दाता सरकवून सरळ बसवलंय. दिसायला झकास! आतल्या सेन्सरला कोण सांगणार?"

कोणी ते विचारायलाच नको. बाबा जन्मभर फिटर. परक्याच्या घरातली तसबीरसुद्धा त्यांना तिरकी बघवत नाही.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
दांडा बदलला, स्टिअरिंग नीट बसवून सेन्सर शून्यावर आणला. दिवा गेला. गाडी अशी चालते की आपण बसलोय हेच विसरावं.

दादा फोनवर तापलेला. "धडकवलीत आणि वर लपवलंत?"

"लपवलं," बाबा म्हणाले. आई ताटावरून उठून आत गेली. मला वाटलं, रडायला.

शनिवार, ८ नोव्हेंबर
बाबांनी गाडी धुतली. बराच वेळ.

रविवार, ९ नोव्हेंबर
दादाने चावी उचलली आणि आई म्हणाली, "ठेव ती. कठड्यावर मी घातली होती. ह्यांना डाव्या डोळ्याने दिसेनासं झालंय, म्हणून रोज पहाटे मला शिकवतात. मंगळवारी माझी लायसन्सची परीक्षा आहे."