पाहुण्याची लाल पाटी

१४ नोव्हेंबर, गुरुवार

प्रिय वन्सं,

त्या दिवशी सकाळी दूध उतू गेलं, म्हणून मी ओटा दोनदा पुसला. मग चादरी भिजत घातल्या, कुंड्यांना पाणी घातलं आणि पाहुण्याच्या खाण्याचा डबा उघडायला बसले. हे सगळं वहिनी कशाला लिहितेय, असं तुम्हाला वाटेल. पण दोन दिवस मी या पत्राची सुरुवात शोधतेय, आणि ती इथेच आहे.

आधी रीतीचं लिहिते. तुमच्या लेकीला मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, हे वाचून जीव भांड्यात पडला. तिला म्हणावं, बाळ झोपलं की आपणही झोपावं, कामं कुठे पळून जात नाहीत. मी बरी आहे. वाचनालयात जाते. हाताची जखम भरली.

त्या जखमेबद्दलच लिहायचं आहे.

तुम्ही लिहिलंत, ‘माझ्या हट्टापायी तुम्हाला इजा झाली वहिनी, मला माफ करा.’ आणि खाली लिहिलंत की प्राण्यांच्या निवाऱ्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पाहुण्याच्या पिंजऱ्यावर लाल पाटी लावली, त्याला मागच्या रांगेत नेलं. लाल पाटी म्हणजे चावरा. कुत्रं न्यायला आलेल्या माणसांना मागची रांग दाखवतच नाहीत, हे तुम्हीच मला मागे सांगितलं होतं. तिथे गेलेला तिथेच म्हातारा होतो.

वन्सं, तो चावला नाही. माझा हात डब्याच्या पत्र्याने कापला.

तुम्ही संध्याकाळी त्याला न्यायला आलात, पट्टी पाहिलीत आणि विचारलंत, “चावला का?” मी गप्प राहिले. त्या गप्प राहण्याचा तुम्ही जो अर्थ घ्यायचा तो घेतलात, आणि मी घेऊ दिला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंचा फोन आला तेव्हा मात्र मी तोंडाने हो म्हणाले.

मग परत का दिला, हे तुम्ही विचारालच.

तुमच्या हट्टाने तो निवाऱ्यातून माझ्याकडे आला तेव्हा मी वाचनालयातून कुत्र्यांवरची दोन पुस्तकं आणली होती. तुमचे दादा म्हणायचे, हिच्या हातात गाडीचं वेळापत्रक दिलं तरी शेवटच्या स्टेशनापर्यंत वाचेल. तशीच वाचली. पुस्तकात होतं की सोडवून आणलेल्या कुत्र्याला भीती जायला तीन दिवस, घराची रीत कळायला तीन आठवडे आणि घर आपलं वाटायला तीन महिने लागतात. मी कॅलेंडरवर खुणा केल्या. चौथ्या दिवशी टेबलाखाली वाकून पाहिलं, तर भीती होती तिथेच होती. मी पाठ फिरवली की खायचा. मी खोलीत आले की खाणं थांबायचं, घास तोंडात तसाच. मला राग यायचा. नाव ठेवा म्हणून तुम्ही तीनदा सांगितलंत, तर मी म्हणाले, राहिला तर ठेवू, तोवर पाहुणाच. तुम्ही हसलात. मी थट्टा करत नव्हते.

तुमच्या दादांची काठी तुम्हाला ठाऊक आहे, दाराआड उभी असायची ती. पाहुणा आला त्या दिवशी तुम्ही म्हणालात, याला कुणीतरी काठीनेच मारलेलं दिसतंय, ही आत कपाटात ठेवा. मी तुमच्यासमोर ठेवली. तुम्ही जिना उतरलात आणि मी ती पुन्हा दाराआड आणून उभी केली. ते जाऊन दोन वर्षं झाली, बाहेरून आले की आधी ती दिसते, मग मी चपला काढते. काल आलेल्या कुत्र्यासाठी त्यांनी जागा सोडायची? मला ते पटलं नाही. त्यामुळे तो दारापर्यंत आला की पाय रोवायचा, आणि बाहेर जे व्हायला हवं ते आत, पायपुसण्यावर व्हायचं. दर वेळी मी त्यालाच बोलायचे. आणि तुम्ही फोनवर विचारलंत की म्हणायचे, काय करणार, शिकतच नाही. का शिकत नाही ते मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं.

आता ती सकाळ. बाविसावा दिवस. डबा उघडताना हात कापला, मी मटकन खाली बसले आणि रडू आलं. जखम मोठी नव्हती. बऱ्याच दिवसांचं साचलेलं होतं, त्याला निमित्त मिळालं. तेवढ्यात पाहुणा टेबलाखालून निघाला. आपणहून, पहिल्यांदाच. पोट जमिनीला घासत आला आणि हनुवटी माझ्या पावलावर ठेवून राहिला. त्याच्या तोंडाची ऊब लागली आणि वन्सं, मला इतकं बरं वाटलं की थोडा वेळ मी तुमच्या दादांना विसरले. मग ते ध्यानात आलं, आणि बरं वाटलं याचाच राग आला.

मी पट्टी बांधली, त्याला बाहेर न्यायला उठले. तो मागोमाग आला, शेपूट जरा सैल. दाराशी काठी दिसली आणि तिथेच त्याचं झालं. मी काठी उचलली.

इथपर्यंत सकाळी लिहिलं आणि पत्र मिटून ठेवणार होते. काठी उचलली, एवढंच तुम्हाला कळावं असा बेत होता. पण उचलली एवढंच नाही. मी त्याला मारलं. एकदाच, पाठीवर. तो ओरडला नाही, पळाला नाही, दात दाखवले नाहीत. खाली पसरला आणि डोळे मिटून दुसऱ्या फटक्याची वाट पाहत राहिला. त्याला सगळं पाठ होतं.

ते डोळे उघडल्यावर माझ्याकडे बघतील, म्हणून मी तुम्हाला फोन केला की घेऊन जा. दुसरं काही कारण नव्हतं. ज्याने मार खाल्ला त्यालाच मी चावरा ठरवलं, आणि तुम्ही माझी माफी मागताय.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

आज सकाळच्या बसने निवाऱ्यात गेले. डॉक्टरीणबाई एका मांजराचं पोट तपासत होत्या, मांजराची मालकीण शेजारी उभी होती. मी थांबले असते तर पुन्हा बस धरली असती, म्हणून तिच्यादेखतच सांगितलं, “तो चावला नव्हता. मी त्याला काठीने मारलं होतं.” त्यांनी मांजराचं काम पुरं केलं, हात धुतले आणि माझ्यापुढे कागद ठेवला. मी सगळं लिहून सही केली. मग विचारलं, मला परत मिळेल का. “तुम्हाला नाही,” त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. बरोबरच आहे.

माझ्यादेखत त्यांनी लाल पाटी काढली आणि त्याला पुढच्या रांगेत आणलं. शनिवारी माणसं येतात, त्यांना दाखवू म्हणाल्या. त्याने मला पाहिलं आणि कोपऱ्यात जाऊन जमिनीला चिकटून राहिला.

त्याला उठता यावं म्हणून मी तिथून बाजूला झाले आणि घरी आले.

वहिनी म्हणून सही करायला आज हात धजत नाही, पण तुमच्यापाशी माझं दुसरं नाव नाही.

तुमची,
वहिनी