चार डुकरिणी आणि एक बर्फाची पेटी

४ मे, रविवार
ठरलं. आजपासून आपलं डुक्करपालन सायंटिफिक. नर पाळायचा नाही. खातो फार, शिवाय माझ्याकडे रोखून बघतो. बाटलीतलं वीर्य आणून कृत्रिम रेतन करायचं. व्हिडिओ बघून झालेत. अवघड काही नाही.
गंजाडच्या शेडमध्ये चार माद्या तयार आहेत: जलराणी, दर्यासुंदरी, सागरकन्या, लाटराणी. होड्यांची नावं डुकरिणींना दिली म्हणून माझा थोरला भाऊ गोपीनाथदादा आठवडाभर बोलला नाही. आज बोलला तो अट घालायलाच. नारळी पौर्णिमेपर्यंत एक तरी गाभण दाखव, नाहीतर मुकाट होडीवर ये.
होडीवर मला उलट्या होतात. बंदर सोडायच्या आधीच सुरू होतात. तेव्हा प्रश्नच नाही, दाखवणार.

७ मे
चौघीही माजावर. पाठीवर दाब दिला की खांबासारख्या उभ्या राहतात. उधव्याला जाऊन जिग्नेशभाईकडून वीर्याच्या चार बाटल्या आणल्या. डहाणूच्या बंदरावरून मासळीची थर्माकोलची पेटी आणि बर्फाचा चुरा सोबत नेला होता. जिग्नेशभाई पेटी बघून घाबरलाच. म्हणाला, "भाई, यामां बरफ नाय टाकायचा. सतरा डिग्रीच्या खाली गेला तर माल मरी जाते."
हसू दाबलं. त्या माणसाने जन्मात मासा हातात धरलेला नाही. आमच्या घरात चार पिढ्या बर्फावर जगल्या. आई सांगते, बर्फ असेल तर पापलेट तिसऱ्या दिवशीही डोळे उघडे ठेवून बघतं. सतरा डिग्री हे शाकाहारी लोकांसाठी.

७ मे, सायंकाळी
रेतन संपन्न. हेमांगी म्हणाली बाटली हळूहळू आत जाऊ द्यायची असते, मी पिळत होतो. तिला सांगितलं, बायकोने नवऱ्याच्या धंद्यात तोंड घालू नये. तिने मग घाणीची बादली तिथेच ठेवली आणि घरी गेली. बादली मला उचलावी लागली.

२८ मे
चौघीही उलटल्या. म्हणजे पुन्हा माजावर. एकही गाभण नाही.
कारणं: १) उन्हाळा. २) गंजाडचं पाणी. ३) दर्यासुंदरीचा स्वभाव.
मुख्य कारण आत्ता सुचलं. बर्फ कमी पडला.

२९ मे
दुप्पट बर्फ. वर मीठही टाकलं, मासळीला टाकतात तसं. बाटल्या इतक्या गार की हातात धरवेनात. याला म्हणतात काळजी. जिग्नेशभाईने पुन्हा तेच पुराण लावलं. मी मान डोलवली. गुजरातच्या सीमेवर वाद घालू नये, माल तिथूनच घ्यायचा असतो.

१८ जून
तिघी उलटल्या. जलराणी अजून नाही, पण तिचा चेहरा काही चांगलं सांगत नाही.
दादा शेडवर आला होता. म्हणाला, होडीला नवा रंग दिलाय, तुझी जागा ठेवलीय. मी म्हटलं, विज्ञानाला वेळ लागतो. तो म्हणाला, वाऱ्याला लागत नाही. अशा माणसांशी काय बोलणार. माझं डोकंच फिरलं.
तिघींना आज तिसऱ्यांदा. बर्फ काठोकाठ.

१९ जून
मला ताप. जलराणीने नेमका आजच माज दाखवला. वैताग. हेमांगीला उधव्याला पाठवलं. पेटी ने म्हणून तीनदा सांगितलं. पेटी स्कूटरवर मावत नाही म्हणे. बाटली आणली ती टॉवेलात गुंडाळून, कापडी पिशवीत, तान्ह्या बाळासारखी. बर्फाचा कणसुद्धा नाही. आल्या आल्या जाऊन दिलीही. जलराणीच्या पाठीवर बसून गाणं गुणगुणत होती म्हणे, घाई नाही काही.
जलराणी गेली समजायची.  तापामुळे ओरडायची ताकद नव्हती, म्हणून हेमांगी वाचली.

१० जुलै
दर्यासुंदरी, सागरकन्या, लाटराणी तिघी पुन्हा उलटल्या. या जनावरांना कृतज्ञता नाही. एवढा बर्फ मी जन्मात कुणासाठी वाहिला नाही.
पण जलराणी शांत! पाठ दाबली तर वळून चावायला आली. उत्तम लक्षण. पद्धत लागू पडतेय. बर्फाचा परिणाम सावकाश होत असावा, आधीच्या दोन खेपांचा साठून.

२२ जुलै
तलासरीहून जनावरांच्या डॉक्टर मॅडम सोनोग्राफीचं मशीन घेऊन आल्या. जलराणी गाभण. नक्की. स्क्रीनवर काळे ठिपके दिसले, मला तर प्रत्येकात माझाच चेहरा दिसला. मॅडमनी विचारलं काय वेगळं केलंत. मी सांगितलं, शीतसाखळी.  हेमांगीने मॅडमना चहा दिला आणि बाहेर जाऊन त्यांच्याशी बराच वेळ बोलत बसली. बायकांच्या गप्पा.
अट पूर्ण. आता होडी दादाने एकट्याने हाकावी. वीर्य थंड ठेवण्याची माझी पद्धत इतरांना शिकवायची असा विचार आहे. उधवा, गंजाड, मग सगळा तालुका.

६ ऑगस्ट
परवा पौर्णिमा. डहाणूच्या घरी सगळे जमले होते. नारळाला सोनेरी कागद चिकटवणं चाललं होतं. मी उभा राहिलो आणि अट पूर्ण झाल्याचं जाहीर केलं. दादा खरं बोलायचं तर खूश झाला. पाठीवर थाप मारली. म्हणाला, मग राहा शेडवर.
तेव्हा हेमांगीने नारळ खाली ठेवला. जलराणीची बाटली तिने आणली, बर्फ न लावता, आणि चौघींत जलराणी एकटीच गाभण राहिली, हे तिने सगळ्यांसमोर सांगितलं. डॉक्टर मॅडमनाही तिने हेच विचारून घेतलं होतं म्हणे. बर्फाने माल मरतो. तीन महिने नाही, आठ महिने घालवले तरी एकही गाभण राहिली नसती. मी म्हटलं, योगायोग.  मग ती दादाकडे वळली.
"दादा, शेड मी बघते. यांना तुम्ही घेऊन जा. हे इथे राहिले तर जलराणीलाच पेटीत घालतील."
आई हसली नाही. मला वाटलं, आता ती माझी बाजू घेईल. दादाने विचारलं, याला होडीवर काम तरी कुठलं द्यायचं, जाळं ओढवत नाही, सुकाणू धरवत नाही. आई नारळाचा कागद नीट करत म्हणाली, बर्फावर ठेव, तेवढं येतं त्याला.
दादा म्हणाला, चालेल.