नटाखालचा रंग

११ ऑक्टो., शनि.
सकाळी साडेदहा. शेताच्या उतारावर ट्रॅक्टरचं मागचं डावं चाक निखळलं. ट्रॉली भाताने भरलेली, पोती सगळी बांधाखाली. सोमा सीटवरून फेकला गेला. घोट्यापाशी पाय मोडला, प्लास्टर, सहा आठवडे. अकरा वर्षं माझा ट्रॅक्टर हाकतो, कधी ओरखडा नाही.
मी पोचलो तेव्हा तो बांधाला टेकून बसलेला. भोवती वीसेक माणसं. आधी त्याच्या पायाकडे बघायला हवं होतं. मी चाकाकडे बघितलं आणि तोंड सुटलं. नट आवळायला हात दुखतात का रे तुझे, म्हणालो. तो एवढंच म्हणाला, "दसऱ्याक आवळल्ले भाऊनू. दुसऱ्या दिसाय परत आवळल्ले."
मग काय भुताने सोडले, म्हणालो. लोक हसले.

१२ ऑक्टो., रवि.
दिवसभर चौकशीला येणारे. प्रत्येकाला तेच सांगितलं: सव्वीस वर्षं खाणीच्या वर्कशॉपात टिप्परची चाकं तपासली, एक निखळलं नाही, आणि ह्याने आठ नट नीट आवळले नाहीत. तीनदा चहा झाला. बायको, सुनंदा, चौथ्यांदा करायला उठली नाही. म्हणाली, त्याच्या पायाचं तरी एकदा विचारून या.
गेलो नाही. राग होता. आता लिहिताना वाटतं, सगळा राग नव्हता, थोडं मिरवणंही होतं.

१५ ऑक्टो., बुध.
गवतात शोधून सहा नट मिळाले. दोन गेले. डिझेलमध्ये धुतले. नटाची जी निमुळती बाजू रिमवर बसते तिच्यावर पिवळी साल. नखाने सोलली, निघाली. रिमच्या भोकांच्या कडेलाही तोच थर, चेपून गुळगुळीत झालेला.
रंग मी लावला. दसऱ्याच्या पूजेसाठी. चाकं उतरवून, पुढून मागून, दोन हात, भोकांच्या कडा तर बारीक ब्रशने. चांगला वाळूही दिला नाही. पूजेच्या सकाळी सोमाने चाकं चढवली, पान्याला पाइप लावून आवळली. आवळली ती ओल्या रंगावर. रंग दबत गेला, नट ढिले होत गेले. लोखंड लोखंडावर बसलं पाहिजे, रंग खरवडून मगच नट लावा, असं वर्कशॉपात दुसऱ्यांवर ओरडणारा मीच.
ट्रॅक्टरच्या चाकापाशी बसून राहिलो.

१६ ऑक्टो.
सुनंदाला सांगितलं. ती म्हणाली, मग जा आणि सांगा त्याला. दिवाळी होऊ दे, म्हणालो. दिवाळीचा काय संबंध, तिलाही कळलं नाही, मलाही नाही.

२२ ऑक्टो.
दिवाळी झाली. गेलो नाही. फोन लावला, एक रिंग झाली, कापला.
आज डिचोलीच्या बाजारात कळलं. साळ गावचा एक जण दरवर्षी वायंगणाच्या, म्हणजे उन्हाळी भाताच्या, नांगरणीला सोमाला बोलवायचा, त्याने दुसरा ड्रायव्हर ठरवला. कारण काय, तर सोमा नट आवळत नाही. माझं वाक्य माझ्या आधी डिचोलीला पोचलं. पाय बरा होईल त्याचा. बरा झाल्यावर ट्रॅक्टर कोण देणार?

२६ ऑक्टो., रवि.
शेतकरी क्लबवाल्यांनी देवळाच्या अंगणात बोलावलं. एवढा प्रकार झाला, तर भाऊंनी सगळ्यांना चाक कसं तपासायचं ते दाखवावं. दाखवलं. आधी कडा पुसा, नट हाताने फिरवा, मग पान्याने एक आवळला की त्याच्या समोरचा. तासभर काम झालं की परत आवळा, दुसऱ्या सकाळी परत. खडूने नटावरून रिमवर रेघ ओढा, रेघ तुटली की समजा नट फिरला. आणि नटाखाली रंग नको. हेही बोललो. आवाजही नीट निघाला.
मागून कुणीतरी म्हणालं, "आनी सोमाक आवळूंक दिवंचें न्हय." सगळे हसले.
तेव्हाच बोलायचं होतं. पाना हातात होता. मी म्हणालो, चला, आता पुढचं चाक बघू.
नारळ दिला मला. तो देवळातच ठेवून आलो.

२ नोव्हें., रवि.
शेवटी दोडामार्गला सोमाच्या घरी गेलो. सोमा पडवीत, पाय स्टुलावर. त्याच्या बायकोने पाणी दिलं आणि आत निघून गेली. मी सगळं सांगितलं. अठरा दिवस जी गोष्ट उरावर होती ती दोन मिनिटांत संपली.
तो म्हणाला, "माका ठावक होतां. पानो लावताना रंग भायर येय होतो."
मग बोलला का नाहीस?
"तुमी वर्कशॉपातले. तुमका ठावक आसतला, असां वाटलां."
आणि त्या दिवशी शेतात?
"लोकांसमोर तुमका कसां सांगू?"
मला रडू आलं. लपवलं नाही. माफी मागितली. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "माका सांगान काय उपेग, भाऊनू. त्या लोकांका सांगा."

९ नोव्हें., रवि.
क्लबची बैठक, चार वाजता. काय बोलायचं ते कागदावर लिहून नेलं. पहिलं वाक्य 'आमच्याकडून चूक झाली' असं होतं. वाटेत थांबून खोडलं. आमच्याकडून म्हणजे कुणाकडून?
उभा राहिलो आणि सांगितलं. रंग मी लावला. सोमाने दोनदा आवळले होते. शेतात त्याला बोललो ते खोटं होतं. एकही गोष्ट वगळली नाही.
मग अध्यक्ष उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जांव दी भाऊ. गरिबाचें घर चलचें म्हूण तुमी आपल्यार घेतात, आमकां कळटा."
सोमासाठी मी दोष अंगावर घेतला असं धरून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही नाही म्हणत राहिलो. जितकं म्हणालो तितका त्यांच्या लेखी मोठा होत गेलो.
घरी पोचतो तर सोमाचा फोन. "सांगल्यात?"
सांगितलं, म्हणालो.
"मगे? काय म्हणाले?"
उद्या येऊन सांगतो, असं म्हणून फोन ठेवला. काय सांगणार आहे, माहीत नाही.